बाळंतिणीच्या मनाकडे कोणी पाहिलं?

घरात लेकरू जन्माला आलं की सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. नाक कोणाचं, रंग कोणाचा, कपाळ आजोबावर गेलं का, याची चर्चा बारशापर्यंत चालते. बाळंतिणीकडेही बघतात, नाही असं नाही. दूध उतरलं का, ताप तर नाही ना, पोट साफ होतं का, हे सगळं विचारतात. पण "तुझं मन कसं आहे गं?" हा प्रश्न विचारायची रीत आपल्याकडे फारशी नव्हती. आज आम्ही तुम्हाला याच न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. तो नागपुरातून जातो, गोव्यातून जातो, गडचिरोली-अमरावतीतून जातो आणि शेवटी आपल्या गटाच्या बैठकीत येऊन थांबतो. त्यात बाळाचाही वाटा आहे. कारण ज्या काळात आईच्या मनाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, त्याही काळात एक जीव तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, तो म्हणजे तिचं बाळ.

सव्वा महिन्याची रीत

आपल्या जुन्या चालीरीतींना नावं ठेवण्याआधी त्यांच्यात काय होतं ते बघू. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना आराम, शेक-शेगडी, तेल लावून न्हाऊ घालणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा. बाळंतिणीला एकटं ठेवायचं नाही, उशाशी विळा किंवा चाकू ठेवायचा, पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करायची. सुश्रुतसंहितेतही बाळंतिणीची काळजी दीड महिना घ्यावी असं सांगितलं आहे. म्हणजे हा काळ नाजूक असतो, हे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं.

"बाळंतीण एकटी नको" हा नियम तर शहाणपणाचाच. पण त्याच रिवाजात दुसरी बाजूही होती. दहा दिवसांचा विटाळ, अंधारी खोली, वारा नको म्हणून बंद खिडकी. शिवाय ही सगळी काळजी सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. पहिल्या मुलाच्या वेळी लाडवांचा डबा भरून यायचा, तिसऱ्या मुलीच्या वेळी तो अर्धाच यायचा. ज्या बाईला कापूस वेचायला जायचं होतं, तिचा सव्वा महिना बारा-पंधरा दिवसांतच संपायचा.

आणि ती उदास झाली तर? गप्प बसली, जेवली नाही, बाळाला घ्यायला तयार झाली नाही, तर घरचे म्हणत, "वारं लागलं", "बाहेरचं झालं", "नजर लागली". या शब्दांत निदान एवढं तरी होतं की दोष तिचा नाही, बाहेरून काही आलं. पण उपाय मग अंगाऱ्याचा आणि धुपाचा व्हायचा. तिला काय झालं, हे तिलाच विचारायचं कोणाच्या मनात यायचं नाही.

बाया मात्र कुठेतरी बोलत होत्या. पहाटे जात्यावर बसून त्या गात होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून, अनेक साथीदारांच्या मदतीने, जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात माहेराची ओढ आहे, सासरचा जाच आहे, लेकीचं कौतुक आहे, मुलगी झाली म्हणून ऐकाव्या लागलेल्या बोलण्याचं दुःखही आहे. पिठाची गिरणी आली आणि बायांची पाठ वाचली, हे फार चांगलं झालं. पण दुसऱ्या बाईसोबत बसून मनातलं काढायची ती पहाटेची जागा गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही.

पागलखाना चौक

आता नागपुरात येऊ. १८५८ साली दोन गोष्टी घडल्या. तिकडे पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या डॉक्टरने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या बायांच्या मनाच्या आजारांवर एक पूर्ण पुस्तक लिहिलं. आणि इकडे हिंदुस्थानात इंग्रज सरकारने वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला. त्या कायद्यात, रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्या माणसाला पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं आणि तिथून इस्पितळात पाठवायचं अशी सोय होती.

सहा वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपुरात असं इस्पितळ उघडलं. आज ते प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखलं जातं. ठाणे, पुणे आणि रत्नागिरी इथली तीन आणि नागपूरचं हे एक, अशी राज्यात चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं आहेत. नागपूरकर अजूनही त्या चौकाला पागलखाना चौक म्हणतात.

या कायद्याची नजर कोणावर होती ते नीट बघा. जो रस्त्यावर आला, ज्याने आरडाओरडा केला, ज्याच्यामुळे इतरांना त्रास झाला, तो सरकारला दिसला. चुलीपुढे बसून गुपचूप भाकरी थापणारी, रात्रभर जागी असणारी, बाळ रडलं तरी हात न उचलणारी बाई त्या कायद्याला दिसणं शक्यच नव्हतं. ती कोणाला त्रास देत नव्हती. तिला जे होत होतं ते तिच्या आतच होत होतं. तेव्हापासून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली, की मनाचा आजार म्हणजे पागलखाना. आणि त्या नावाच्या भीतीनेच आजही कितीतरी घरं बाळंतिणीला डॉक्टरकडे नेत नाहीत.

बाईसाठी बाई डॉक्टर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुसरं दार उघडलं. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहाच दिवसांत तो गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पदवी घेतली. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच मुळी हिंदू लोकांमधलं बाळंतपण हा होता. दुर्दैवाने १८८७ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या. आनंदीबाईंच्या धैर्याच्या गोष्टी आपण सांगतो, पण चौदा वर्षांच्या त्या पोरीने दहा दिवसांचं बाळ गमावल्यावर तिच्या मनाचं काय झालं असेल, हे आपण किती वेळा बोलतो?

१८८५ मध्ये बायांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून डफरिन फंड सुरू झाला. नागपुरातही मिशनच्या बाई डॉक्टरांनी बायांसाठी दवाखाना काढला, तो पुढे मुरे मेमोरियल म्हणून नावारूपाला आला. सरकारी बाजूने डागा स्मृती स्त्री रुग्णालय आहे, तिथे विदर्भातल्या कितीतरी बायांची बाळंतपणं झाली. १९४७ मध्ये नागपूरला मेडिकल कॉलेज आलं, १९६९ मध्ये सेवाग्रामला आलं.

या सगळ्यांनी आधी मरण थांबवायचं ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. रक्तस्राव, धनुर्वात, अडलेलं बाळंतपण यांनी घरं रिकामी होत होती. मग १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडी हा शब्द आणि कल्पना आधीच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आली होती. या योजनेमुळे ती गावोगाव पोहोचली. तिच्यासोबत वजनकाटा आला. बाळाचं वजन महिन्याच्या महिन्याला कागदावर चढू लागलं. पण लेकराच्या वजनाची रेघ खाली आली की जाब आईलाच विचारला जायचा, "खाऊ घालत नाहीस का?" आईच्या मनासाठी ना काटा होता ना रकाना.

बाळ काय बघतं, काय ऐकतं

आता आपण बाळाच्या बाजूने बघू. पूर्वी डॉक्टर लोकही म्हणायचे, की पहिले दोन-तीन महिने बाळाला काही कळत नाही, ते फक्त दूध आणि झोप जाणतं. आपल्या आज्या तसं म्हणत नव्हत्या. झोपेत बाळ हसलं की "सटवाई हसवते" म्हणायच्या, आणि जागं असलं की त्याच्याशी तासन्‌तास बोलायच्या. मंमं, जोजो, गाई, भूभू, हम्मा, चिऊ, काऊ, भूर ही आपली बाळबोली. पुण्याचे भाषातज्ज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये या मराठी बाळबोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेतले चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली, तेव्हा त्या सहांमध्ये आपली मराठी होती. सहाही ठिकाणची माणसं बाळाशी बोलताना आपलं बोलणं बदलतात, सोपं करतात, शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्याला आपण "येडं बोलणं" म्हणतो, त्याचा शास्त्रात अभ्यास सुरू झाला तेव्हापासून मराठी आया त्यात आहेत.

पुढच्या वीस वर्षांत बरंच कळलं. १९७५ मध्ये दिसलं की जन्मून काही मिनिटं झालेलं बाळसुद्धा इतर आकारांपेक्षा माणसाच्या चेहऱ्यासारखं चित्र जास्त डोळे फिरवून बघतं. १९८० मध्ये दिसलं की तीन दिवसांचं बाळ आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतं. पोटात असतानाच त्याने तो आवाज ओळखून ठेवलेला असतो.

मग अमेरिकेतले एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा प्रयोग केला. तो १९७८ मध्ये छापून आला. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग काही मिनिटं ती चेहरा अगदी स्थिर ठेवते, हसत नाही, बोलत नाही, फक्त बघत राहते. बाळ काय करतं? आधी ते हसून बघतं. आवाज काढतं, हात पुढे करतं. आईला परत आणायची सगळी खटपट करतं. जमलं नाही की तोंड फिरवतं, कोमेजतं, रडतं. आई पुन्हा बोलायला लागली की थोड्या वेळाने सावरतं. बाळ नुसतं बघत नाही, ते उत्तराची वाट बघतं, हे यातून सगळ्यांना कळलं.

स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात लिन मरे आणि कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनी १९८५ मध्ये आणखी एक प्रयोग मांडला. दीड-दोन महिन्यांच्या बाळांना टीव्हीच्या पडद्यावर आई दाखवली. आई त्या क्षणी खरोखर बाळाला बघून बोलत असली की बाळ खुश. पण तेच आधीचं चित्रण पुन्हा लावलं, म्हणजे आई हसते पण बाळाला उत्तर म्हणून हसत नाही, तेव्हा बाळं गोंधळली, अस्वस्थ झाली. बाळाच्या हाती मोबाईल देऊन कामाला लागणाऱ्या घरांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. पडदा बोलतो, पण उत्तर देत नाही.

आता आई उदास असेल तर काय होतं? हा आजार माणसाला मंद करतो. आवाजातली चढउतार कमी होते, बोलणं सपाट होतं, बाळाने "अं" केलं तर प्रतिसाद उशिरा येतो. डेन्व्हर शहरात पीटर कॅप्लन यांनी चार महिन्यांच्या बाळांना आईचं बोलणं ऐकवून लगेच हसऱ्या चेहऱ्याचं चित्र दाखवलं. आवाज आला की चेहरा येणार, ही सांगड बाळ बांधतं का, हे त्यांना बघायचं होतं. २००२ मध्ये त्यांनी सांगितलं की उदास आयांच्या बाळांना आपल्याच आईच्या सपाट बोलण्यावरून ही सांगड बांधता आली नाही. पण त्याच बाळांना उदास नसलेल्या दुसऱ्या बाईचं बोलणं ऐकवलं, तर ती शिकली. २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया फार दिवसांपासून आजारी होत्या, त्यांची बाळं बाईच्या आवाजावरून शिकत नव्हती, पण पुरुषाच्या आवाजावरून शिकत होती.

मैत्रिणींनो, हे प्रयोगशाळेतले प्रयोग आहेत, थोड्या बाळांवर केलेले. पण त्यांचा अर्थ आपल्यासाठी मोठा आहे. बाळाच्या डोक्यात काही कमी झालेलं नसतं. त्याची शिकायची भूक शाबूत असते. त्याला वाढणारा हात काही दिवस थकलेला असतो. अशा वेळी आजी, मावशी, आत्या, मोठी बहीण आणि विशेष करून बाप, यांनी तो हात द्यायचा असतो. लेकराशी बोलणं हे फक्त आईचं काम आहे, असं बाळाने कधी ठरवलं नव्हतं. ते आपण ठरवलं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. ट्रॉनिक यांनीच दाखवलं की चांगल्या, आनंदी आईचाही बाळाशी सगळा वेळ सूर जुळत नाही. बराच वेळ तो चुकतो आणि पुन्हा जुळवला जातो. या पुन्हा जुळवण्यातूनच बाळ शिकतं. म्हणून या सगळ्या शोधांचं ओझं कोणी आईच्या डोक्यावर ठेवू नये. "तू हसत नाहीस म्हणून पोर मागं पडलं" असं म्हणणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला "तू तापलास कशाला" म्हणण्यासारखं आहे.

गोव्यात विचारलेला प्रश्न

आपल्या भागात आयांना नीट बसून विचारलं ते गोव्यात. विक्रम पटेल आणि त्यांच्या संगत या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायांना बाळंतपणानंतरही गाठलं. २००२ मध्ये निष्कर्ष आला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना १०० पैकी २३ आयांना उदासीनतेचा आजार होता. त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झाला होता. निम्म्याहून जास्त बाया बाळ सहा महिन्यांचं झालं तरी बऱ्या झाल्या नव्हत्या.

कारणं काय होती? घरची गरिबी. नवऱ्याशी न पटणं. नवऱ्याची मारहाण, पोटाची भूक. आणि बाळ मुलगा की मुलगी, यावरही बरंच अवलंबून होतं. बाया स्वतः याला आजार म्हणत नव्हत्या. त्या म्हणत होत्या की संसारच असा, मग मन असं होणारच.

२००३ मध्ये त्याच संशोधकांनी १७१ बाळांचं काय झालं ते सांगितलं. उदास आयांची बाळं सहा महिन्यांनी वजनाने आणि उंचीने कमी होती, आणि मनाच्या वाढीच्या चाचणीतही मागे होती. म्हणजे अंगणवाडीच्या कागदावर खाली आलेल्या वजनाच्या रेघेमागे आईचं न विचारलेलं दुःख असू शकतं, हे पहिल्यांदा आपल्या जवळच्या मुलखातून आकड्यांत दिसलं.

आता सव्वा महिना आठवा. आपली रीत सव्वा महिन्याला संपते. माहेरची माणसं परत जातात, शेगडी विझते, बाळंतीण कामाला लागते. गोव्याच्या संशोधकांनी विचारलं ते सहाव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे त्यानंतर लगेच. सगळे जिथे हात काढून घेतात, तिथेच १०० पैकी २३ बाया बुडत होत्या.

पुढे उपायही निघाले. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्य कार्यकर्तींना शिकवलं, की बाळाच्या भेटीला गेलात की आईच्या मनाशीही बोला. २००८ मध्ये छापलेल्या या अभ्यासात ९०३ उदास आया होत्या. सहा महिन्यांनी, जिथे अशा भेटी झाल्या तिथे १०० पैकी २३ बायाच आजारी राहिल्या. जिथे नेहमीच्याच भेटी झाल्या तिथे ५३. आणि या घरांत आई-बाप दोघेही बाळाशी जास्त खेळू लागले. गोव्यात हेच काम शेजारच्या साध्या बायांनी केलं, त्यांना सखी म्हणत. त्याचे आकडे २०१९ मध्ये आले. सखी भेटलेल्या १०० पैकी ७३ बाया सहा महिन्यांत बऱ्या झाल्या, इतरांमध्ये ६०. फरक डोंगराएवढा नाही, पण तो पदवी नसलेल्या शेजारणीने घडवला.

विदर्भातली वाट

आपला विदर्भही मागे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेत. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे जगाने वाचलं, २०११ मध्ये देशाने स्वीकारलं. म्हणून आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. नंतर तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंत आणखी पाच भेटी असतात. ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या दारात एक बाई येतेच, ही आपल्या मुलखाची कमाई आहे. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. विचारायचा दिवस तोच.

अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या या भागात गावातल्या कार्यकर्त्यांनी उदासीनतेबद्दल उघड बोलायला सुरुवात केली. आधी अशा आजारातल्या १०० पैकी जेमतेम चार माणसं मदत घेत होती. दीड वर्षाने २७ घेऊ लागली. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने युनिसेफ आणि बालविकास खात्यासोबत 'आरंभ' सुरू केलं. त्यात तीन वर्षांच्या आतल्या लेकरांशी बोलणं, खेळणं आई-बापांना पालक मेळाव्यात दाखवतात.

कायदाही बदलला. १८५८ चा कायदा रस्त्यावरच्या माणसाला पकडायचा होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, की मनाच्या आजारासाठी बाई दाखल झाली तर तिच्या तीन वर्षांखालच्या बाळाला शक्यतो तिच्यापासून तोडू नये. बाळाला धोका आहे असं डॉक्टरला वाटलं तरच काही दिवस वेगळं ठेवायचं. तेव्हाही आईला देखरेखीखाली बाळ भेटलं पाहिजे, आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय पुन्हा तपासला पाहिजे. कोणी "दवाखान्यात नेलं तर पोर हिसकावतील" म्हणत असेल, तर तिला हे सांगा.

आता आपलं काम

पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायांना होतं आणि आपोआप जातं. पण दोन आठवड्यांनंतरही मन बसलेलं असेल, झोप लागत नसेल, बाळाची ओढ वाटत नसेल, "मी वाईट आई आहे" असं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आणि बोलणं दोन्ही आहे. हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायांना जास्त तीव्र त्रास होतो. त्यांना भलतेच आवाज ऐकू येतात, त्या भलतंसलतं बोलतात, रात्र रात्र झोपत नाहीत. तिथे एक दिवसही थांबू नका, तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात न्या. जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तरी तसंच करा. टेली-मानस हा सरकारी फोन क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत आपण हप्ता विचारतो. त्यासोबत एक प्रश्न वाढवा. गावात सध्या बाळंतीण कोण आहे, आणि तिचा सव्वा महिना कधी संपतो? त्या आठवड्यात गटातल्या दोघींनी तिच्या घरी जायचं. बाळाला नंतर घ्या. आधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "झोप होते का? जेवण जातं का? हसू येतं का?" सल्ला देऊ नका, ऐका. घरी भूक असेल, मार असेल, मुलगी झाली म्हणून टोमणे असतील, तर नुसतं "धीर धर" म्हणून उठू नका. तिथे गटानेच उभं राहावं लागतं, कारण गोव्याच्या आयांनी सांगितलेली कारणं हीच होती.

तिच्या सासूला सांगा, नवऱ्याला सांगा, की रोज घटकाभर बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत बोला. काही का बोला ना, मंमं म्हणा, चिऊ-काऊ म्हणा, शेतात काय झालं ते सांगा. बाळ "अं" करेल. तेव्हा थांबा, त्याचं ऐका आणि मग उत्तर द्या. तेवढ्या वेळात आईला झोपू द्या. तिची झोप होईल, तिचं ऐकणारं कोणी भेटेल, तिचा उपचार होईल, मग तिचा आवाजही हळूहळू परत येईल. बाळ तो लगेच ओळखेल, कारण पोटात असल्यापासून त्याला तो पाठ आहे.